पुढच्या वर्षी याहून चांगली येईल

जानेवारी २०२० मध्ये टाटाची नेक्सॉन ईव्ही बाजारात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत १३.९९ लाखांपासून सुरू होत होती आणि बॅटरी होती ३०.२ किलोवॉट-अवरची. मधल्या काळात, सप्टेंबर २०२३ मध्ये, गाडीला नवं रूप मिळालं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या नव्या रूपात ४५ किलोवॉट-अवरची बॅटरी आली. तिची किंमत कितीपासून सुरू होत होती? १३.९९ लाखांपासून. म्हणजे चार वर्षं आठ महिने थांबलेल्या माणसाला तेवढ्याच पैशांत जवळपास दीडपट बॅटरी मिळाली.

मग २०२० मध्ये घेणारा फसला का?

हा प्रश्न सध्या आमच्या घरचा आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, आई-बाबा कराडला असतात. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. आमच्या तेरा वर्षं जुन्या हॅचबॅकमध्ये बसताना ती आधी सीटवर टेकते आणि मग एकेक पाय हातानं उचलून आत घेते. मुलगी सव्वा वर्षाची आहे. तिची सीट मागे लावली की उरलेल्या जागेत दोन माणसं कशीबशी बसतात. थोडी उंच, सगळ्यांना सामावणारी आणि विजेवर चालणारी गाडी घ्यायची, यावर घरात एकमत आहे. वाद आहे तो ‘कधी’ यावर. नवीन रूपातलं मॉडेल आलं की बाबा म्हणतात, “पहिल्या वर्षी घेऊ नये, खोड्या निघू देत आधी.” वर्ष उलटलं की ऑफिसातला मित्र म्हणतो, “आता कशाला घेतोस? पुढच्या वर्षी याहून चांगली येईल.” दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण दोघांचंही ऐकायचं तर गाडी कधीच घेता येणार नाही.

मी आधी एक्सेल शीट उघडली. ती काही निर्णय देईना, तेव्हा आपल्याआधी लोकांनी गाडीची वाट कशी पाहिली हे वाचायला लागलो. हा प्रश्न मोटारगाडीइतकाच जुना निघाला.

एडिसनची बॅटरी येतेच आहे

१९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारगाड्या तयार झाल्या. त्यातल्या १,६८१ वाफेवर चालणाऱ्या होत्या, १,५७५ विजेवर आणि फक्त ९३६ पेट्रोलवर. तेव्हा पैज लावायची असती तर पेट्रोलवर फार कुणी लावली नसती. विजेची गाडी शांत होती, तिला धूर नव्हता आणि ती सुरू करायला हँडल मारावं लागत नव्हतं. अडचण एकच, शिसं आणि आम्लाच्या जड बॅटरीची.

थॉमस एडिसननं हे कोडं हातात घेतलं. निकेल आणि लोखंडाची हलकी, टिकाऊ बॅटरी आपण आणतो आहोत, असं त्यानं शतकाच्या सुरुवातीलाच जाहीर केलं आणि वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. पहिल्या बॅटऱ्या बाजारात आल्यावर त्या गळू लागल्या, त्यांची ताकद कमी होऊ लागली. एडिसननं उत्पादन थांबवलं. सुधारलेली बॅटरी यायला १९०९ साल उजाडलं.

बॅटरी खरंच चांगली होती. पण तोवर ऑक्टोबर १९०८ मध्ये हेन्री फोर्डची मॉडेल टी आली होती. १९१२ मध्ये कॅडिलॅकनं चार्ल्स केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर बसवला आणि पेट्रोलच्या गाडीचं हँडल मारणंही संपलं. गंमत म्हणजे हा स्टार्टर म्हणजे बॅटरीवर चालणारी छोटी विजेची मोटरच. विजेच्या गाडीतला एक गुण पेट्रोलच्या गाडीनं उचलून घेतला. जानेवारी १९१४ मध्ये तर खुद्द फोर्डनं सांगितलं की एडिसनबरोबर मिळून तो स्वस्त विजेची गाडी आणणार आहे. ती कधीच आली नाही.

चांगली बॅटरी येईल मग गाडी घेऊ, असं म्हणणारा ग्राहक अवाजवी काही मागत नव्हता. पण त्याच्या थांबण्याला तारीख नव्हती.

फोर्डचा कारखाना बंद पडतो

मॉडेल टीची किंमत १९०८ मध्ये ८५० डॉलर होती. १९२५ पर्यंत ती २६० डॉलरवर आली. गाडी मात्र वर्षानुवर्षं जवळपास तीच, आणि १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात. फोर्डच्या ग्राहकाला थांबण्याचं एकच कारण होतं, ते म्हणजे उतरणारी किंमत. पुढच्या वर्षी गाडी वेगळी दिसेल ही शंका नव्हती.

ही शंका पद्धतशीरपणे पेरली ती जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोननं. तो १९२३ मध्ये कंपनीचा अध्यक्ष झाला. त्याच्या काळात दरवर्षी नवं मॉडेल आणण्याची पद्धत रुजली. आतलं यंत्र बरंचसं तेच ठेवून बाहेरचं रूप, रंग, सीटचं कापड बदलायचं. १९२७ मध्ये हार्ली अर्लच्या हाताखाली यासाठी ‘आर्ट अँड कलर सेक्शन’ नावाचा वेगळा विभागच उघडला. कालची गाडी चालत असतानाही जुनी वाटली पाहिजे, हे त्या धंद्याचं सूत्र. आज शोरूममध्ये ज्याला आपण ‘फेसलिफ्ट’ म्हणतो, त्याचं मूळ इथे आहे.

याच सुमारास फोर्ड नवी गाडी आणतो आहे अशी कुजबुज सुरू झाली आणि लोकांनी मॉडेल टी घेणं कमी केलं. २६ मे १९२७ रोजी दीड कोटीवी मॉडेल टी बाहेर पडली आणि तिचं उत्पादन थांबलं. नवी मॉडेल ए लोकांसमोर आली २ डिसेंबरला. मधले सहा महिने जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीकडे विकायला नवी गाडी नव्हती. त्या वर्षी शेव्हरोले फोर्डच्या पुढे गेली.

ग्राहकाचं थांबणं एवढं ताकदवान असतं. म्हणूनच कंपन्या नवी गाडी शेवटपर्यंत कापडाखाली झाकून ठेवतात आणि जुन्या साठ्यावर गुपचूप सवलत देतात. ‘अचानक मोठी सूट’ दिसली तर बहुतेक वेळा कापडाखाली काहीतरी उभं असतं.

आपल्याकडची रांग

भारतात मात्र थांबणं ग्राहकाच्या मर्जीवर नव्हतं. १९५१ च्या उद्योग कायद्यानंतर किती गाड्या बनवायच्या हे परवान्यावर ठरायचं. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फिएट, जी पुढे पद्मिनी झाली, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची अ‍ॅम्बेसेडर आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. निवड संपली. पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं नंबर लागण्याची वाट पाहायची.

पुण्यात तर ही गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. १९७२ पासून आकुर्डीत बजाज चेतक तयार होऊ लागली आणि तिची प्रतीक्षायादी दहा वर्षांपर्यंत गेली. मुलगी लहान असतानाच तिच्या लग्नाच्या हिशेबानं स्कूटर बुक करून ठेवल्याचे किस्से जुन्या पुण्यात आजही ऐकायला मिळतात. त्या बाजारात एक उलटा चमत्कार होता. वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरपेक्षा जास्त किमतीला विकली जायची, कारण जुनी आज मिळत होती. थांबण्याची किंमत अशी उघड आकड्यात दिसायची. नव्या-जुन्या किमतींतला फरक म्हणजे लोक वेळेसाठी मोजत असलेले पैसे.

मग मारुती आली. १९८३ मध्ये बुकिंग उघडल्यावर काही आठवड्यांत एक लाखाहून जास्त लोकांनी पैसे भरले. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली हरपाल सिंग यांच्या हातात दिली. तीनच वर्षांत, १९८६ मध्ये, मारुती ८०० चं रूप पूर्ण बदललं. जपानमधल्या नव्या अल्टोवर बेतलेला गोलसर आकार आला, आणि पुढे अनेक वर्षं आपण ‘मारुती’ म्हटल्यावर तोच डोळ्यासमोर आला.

आजच्या भाषेत हरपाल सिंग यांची गाडी तीन वर्षांत ‘आउटडेटेड’ झाली. त्यांनी ती २०१० मध्ये आपल्या निधनापर्यंत ठेवली. नव्या आकाराच्या लाखो मारुत्या रस्त्यावरून जात असताना हे कुटुंब जुन्या आकाराच्या गाडीत फिरत राहिलं.

मोटारींवरचा परवाना १९९३ मध्ये उठला. गाड्या भरपूर झाल्या आणि ‘कधी’ हा प्रश्न सरकारकडून आपल्याकडे आला. आमच्या पिढीला वाटतं की रांग संपली. खरं तर रांग आता डोक्यात लागते, आणि तिला खिडकी नाही की टोकन नंबर नाही.

आळशीपणाचं गणित

माझ्या क्षेत्रात या थांबण्याचे दोन प्रसिद्ध दाखले आहेत.

पहिला ऑसबोर्न कंपनीचा. १९८१ मध्ये या कंपनीनं उचलून नेता येईल असा संगणक १,७९५ डॉलरला आणला आणि तो धडाक्यात खपला. १९८३ मध्ये पुढच्या मॉडेलची चर्चा आधीच सुरू झाली, लोकांनी आहे ते मॉडेल घेणं थांबवलं आणि सप्टेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, अशी कथा सांगितली जाते. कंपनी बुडण्याची इतर कारणंही होती, असं जाणकार म्हणतात. तरी ‘ऑसबोर्न इफेक्ट’ हा शब्द धंद्याच्या भाषेत पक्का बसला.

दुसरा दाखला मला जास्त आवडतो. १९९९ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या काही जणांनी अर्ध्या गमतीत एक शोधनिबंध लिहिला. संगणकांचा वेग दर दीड वर्षाला दुप्पट होतो असं धरा. एखादी आकडेमोड आजच्या संगणकावर पाच वर्षं चालणार असेल, तर ती आज सुरू करण्यात अर्थ नाही. थोडं थांबा, हुंदडून या, मग वेगवान संगणक घ्या, काम आधीच संपेल. त्यांनी सीमाही काढली. काम २६ महिन्यांपेक्षा मोठं असेल तर थांबणं फायद्याचं.

बॅटरीलाही हे लागू पडेल असं वाटतं. ब्लूमबर्गएनईएफच्या पाहणीनुसार २०१० मध्ये बॅटरी पॅकची सरासरी किंमत प्रति किलोवॉट-अवर ११०० डॉलरहून जास्त होती. २०२३ मध्ये ती १३९ आणि २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आली. मधे २०२२ मध्ये ती वाढलीही होती, पण एकूण रेघ खालीच जाते. मग हुंदडायला जावं ना?

इथे माझी शीट अडली होती, आणि का ते या निबंधामुळे कळलं. आकडेमोड आज केली काय आणि तीन वर्षांनी केली काय, उत्तर तेच येतं. मधल्या वेळात कुणाचं काही बिघडत नाही. घरच्या गाडीचं काम असं पुढे ढकलता येत नाही. २०२६ मध्ये आईला डॉक्टरांकडे न्यायचं आहे, ते २०२९ च्या गाडीनं कसं नेणार? मुलगी दोन वर्षांची असताना आजोळी जायचं ते ती पाच वर्षांची झाल्यावर होत नाही. थांबलेल्या काळातले किलोमीटर एक तर जुन्या गाडीत जातात किंवा होतच नाहीत.

गेली पाच वर्षं

आता २०२० च्या त्या ग्राहकाकडे पुन्हा पाहू. तो महिन्याला १,२०० किलोमीटर फिरला असं धरू. ५६ महिन्यांत ६७,२०० किलोमीटर झाले. पेट्रोलच्या गाडीला किलोमीटरमागे सात रुपये आणि घरी चार्ज केलेल्या विजेच्या गाडीला दीड रुपया धरला, तर साडेपाच रुपये वाचले. एकूण जवळपास ३ लाख ७० हजार. थांबणाऱ्याला मोठी बॅटरी मिळाली, पण हे पैसे त्यानं पंपावर मोजले.

शिवाय थांबताना फक्त गाडी सुधारत नाही, आजूबाजूचे दरवाजेही बंद होतात. विजेच्या गाडीच्या कर्जावरच्या व्याजाला वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट होती, पण कर्ज ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेलं असेल तरच. नव्या रूपातली नेक्सॉन ईव्ही आली त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. म्हणजे नव्या रूपासाठी थांबलेल्याची वजावट गेली. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणात पहिल्या १०,००० विजेच्या मोटारींना दीड लाखापर्यंत अनुदान होतं, शिवाय लवकर घेणाऱ्यांना आणखी एक लाखापर्यंत. तेही पुढे संपलं. उलट ऑगस्ट २०२५ मध्ये अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोलमाफी सुरू झाली. एक दार बंद होतं, दुसरं उघडतं, आणि कुठलं कधी ते आपल्या हातात नसतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सप्टेंबर २०२३ मध्ये नवीन रूप आलं तेव्हा मोठ्या, ४०.५ किलोवॉट-अवरच्या बॅटरीची गाडी १८.१९ लाखांपासून होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती १६.९९ लाखांवर आली. सप्टेंबरमध्ये ४५ ची बॅटरी १३.९९ लाखांपासून मिळू लागली, सुविधा थोड्या कमी करून. पहिल्याच महिन्यात मोठ्या बॅटरीची गाडी घेणाऱ्याच्या पोटात दुखलं असेल तर ते समजण्यासारखं आहे. एका वर्षात ४.२ लाखांचा फरक, म्हणजे महिन्याला ३५ हजार. इतक्या वेगानं किंमत उतरत असताना थांबणाराच शहाणा ठरला.

हे फक्त आपल्याकडे घडत नाही. जानेवारी २०२३ मध्ये चीनमध्ये टेस्लानं किमती उतरवल्या, तेव्हा नुकतीच गाडी घेतलेले ग्राहक शोरूमसमोर जमले आणि त्यांनी निषेध केला. २०२५ च्या सुरुवातीला टेस्लानं घरोघरच्या वापराची आपली एसयूव्ही, मॉडेल वाय, नव्या रूपात आणली. त्यासाठी कारखान्यांतल्या उत्पादन-साखळ्या बदलाव्या लागल्या. पहिल्या तीन महिन्यांत कंपनीनं जगभरात ३,३६,६८१ गाड्या ग्राहकांना दिल्या, आदल्या वर्षीपेक्षा सुमारे १३ टक्के कमी. कारणं आणखीही होती, पण १९२७ ची आठवण आल्याशिवाय राहत नाही. तीच नवी मॉडेल वाय जुलै २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या शोरूममध्ये ५९.८९ लाखांपासून उभी राहिली. तिच्यासाठी थांबायचं की नाही हा प्रश्न आमच्या घरी पडला नाही, एवढं बरं झालं.

तारीख असलेलं थांबणं

हे सगळं वाचून मला एकच फरक महत्त्वाचा वाटला. थांबण्याचे दोन प्रकार आहेत. एकाला तारीख असते, दुसऱ्याला नसते.

१५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून जीएसटी कपातीची घोषणा झाली. २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मधल्या पाच-सहा आठवड्यांत ज्यांनी पेट्रोल गाडीची खरेदी पुढे ढकलली, त्यांनी योग्यच केलं. त्यांच्या थांबण्याला तारीख होती आणि फायद्याला आकडा होता. विजेच्या गाड्यांवर आधीच ५ टक्के होते, ते तसेच राहिले. त्यामुळे विजेच्या गाडीसाठी थांबणाऱ्याला त्यातून काही मिळालं नाही. पेट्रोलशी असलेला तिचा किमतीतला फरक उलट वाढला, आणि हे माझ्या शीटमध्ये मी लिहून ठेवलं आहे.

बाबांचं ‘पहिल्या वर्षी नको’ हेही तारखेचं थांबणं आहे. आम्हीही नव्या व्हर्जनच्या पहिल्या दिवशी सर्व्हर अपडेट करत नाही. दोन-तीन पॅच येऊ देतो. नव्या गाडीलाही सहा महिने ते वर्षभर द्यावं, इतर मालकांचे अनुभव ऐकावेत. पण मित्राचं ‘पुढच्या वर्षी याहून चांगली येईल’ हे एडिसनच्या बॅटरीसारखं आहे. ते दरवर्षी खरंच असतं, म्हणून त्यावर कुठलाच निर्णय बांधता येत नाही.

आपल्याकडे यावर जुना तोडगा आहे, मुहूर्त. साडेतीन मुहूर्तांना पंचांग बघावं लागत नाही असं म्हणतात. त्यातल्या धार्मिक भागाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण दसऱ्याला किंवा पाडव्याला वाहन घ्यायचं ठरलं की एक फायदा आपोआप होतो. त्या दिवशी बाजारात जी गाडी आहे, तिच्यातून निवडायचं. पुढची नाही.

आम्ही १९ मार्च २०२६ चा गुढीपाडवा ठरवला आहे. बाबांचं म्हणणं राखून, तोवर रस्त्यावर वर्षभर तरी फिरलेलं मॉडेलच बघायचं. त्याआधी तीन अटी कागदावर लिहून फ्रिजवर लावल्या आहेत. एक, पुणे-कराड-पुणे, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर, एसी लावून आणि खंबाटकी धरून, वाटेत एकदाच आणि तेही चहा होईपर्यंत चार्ज करून झालं पाहिजे. दोन, सीटची उंची अशी हवी की आईला पाय हातानं उचलावे लागणार नाहीत. त्यासाठी ती स्वतः शोरूममध्ये येऊन बसून बघणार. तीन, हप्ता आमच्या दोघांपैकी एकाच्या पगारात बसला पाहिजे. गेल्या दोन वर्षांत ओळखीतल्या तिघांच्या नोकऱ्या गेल्या आहेत, त्यामुळे ही अट बाकी दोन्हींपेक्षा कडक आहे. तीनही अटींत बसणारी गाडी पाडव्याला नसेल तर पुढची तारीख अक्षय्य तृतीयेची, आणि तेव्हाही नसेल तर एक अट सैल करायची. कुठली, तेही लिहून ठेवलं आहे. तिसरी सोडून कुठलीही.

गाडी घेतल्यावर किमान दहा वर्षं ठेवायची. एका वर्षाला टोचणारा ४.२ लाखांचा फरक दहा वर्षांवर पसरला की महिन्याला साडेतीन हजारांवर येतो. त्यातही कुणाला तरी वेळेवर कराडहून पुण्याला आणता आलं असेल, तर त्याचा भाव कुठल्या रकान्यात लिहायचा हे मला अजून सुचलेलं नाही.

२०२० चा तो ग्राहक फसला का, याचं उत्तर म्हणून फक्त त्याच्या ओडोमीटरवरचा आकडा बघावा. गाडी फिरली असेल तर नाही. पाडव्यानंतर तीन-चार महिन्यांत आमच्याही गाडीचं नवं रूप येईल, किंमत उतरेल, मित्र फोटो पाठवेल. पाठवू दे. आम्ही तेव्हा बहुतेक खंबाटकी उतरत असू.